अर्धी चाल

माझी मुलगी एका जपानी गाण्यावर रडताना मला दिसली, त्या दिवसापासून मला जपानी गाणी आवडत नाहीत. असली गाणी नाकारताना लोक नाना कारणं देतात. भाषा कळत नाही, चाल ओळखीची नाही, आपल्या मातीतलं नाही. मीही दोन वर्षं हीच कारणं देत होतो आणि देताना माझा आवाज नको तेवढा चढत होता. खरं कारण एवढंच होतं की माझ्या पोटात दुखत होतं.

दुपारची वेळ होती. मागच्या पडवीत ती सुकलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, कानात इअरफोन. माझा शर्ट अर्धवट घडी घातलेला तसाच तिच्या मांडीवर होता आणि ती समोर माडाकडे बघत होती. गालावरून पाणी ओघळलं. ते तिनं माझ्याच शर्टाच्या बाहीनं पुसलं. कुडाळच्या दवाखान्यात ती चिठ्ठ्या द्यायच्या टेबलावर बसते, तिथे कुणी काही बोललं की काय, म्हणून मी घाबरलो.

“काय झाला गो?”

तिनं एका कानातलं काढलं. “कायच नाय. गाणा आसा.”

“खयचा?”

“जपानी.”

“तुका जपानी कळता?”

“नाय.”

“मगे रडतंस कित्याक?”

तिनं खांदे उडवले, इअरफोन परत कानात घातला आणि माझा शर्ट नीट घडी घालून बाजूला ठेवला. माझ्याशी बोलणं संपलं होतं. मी मात्र तिथेच उभा राहिलो.

आता मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. दिवसा मी कसालजवळच्या एका हायस्कुलात क्लार्क असतो. पण मला क्लार्क म्हणून कुणी ओळखत नाही. मी भजनी बुवा आहे. गेली तीस वर्षं डबलबारी करतो. डबलबारी म्हणजे एका मांडवात दोन बुवा. एकानं आपली बारी गायची, मग दुसऱ्यानं. दोघांची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, पाठीमागचा कोरस वेगळा. एकानं कोपरखळी मारायची, दुसऱ्यानं ती सव्याज परत करायची, आणि कोण सरस ते समोर बसलेल्या लोकांनी ठरवायचं. अभंग, गौळण होते, पण लोक खरे थांबलेले असतात ते गजरासाठी. गजराची रीत अशी की कुठल्यातरी गाजत्या गाण्याची चाल उचलायची, त्यातले शब्द काढून टाकायचे आणि तिथे देवाला आणून बसवायचं. चाल ओळखीची निघाली की लोक खूष, आणि कुणाला न सुचलेली चाल आणली की बुवा मोठा. ह्या चालींसाठी आम्ही बुवा लोक कान टवकारूनच जगतो. लग्नातला बँड, शेजारचा टीव्ही, रिक्षातला स्पीकर, काही सोडत नाही.

माझ्या गाण्यावर लोक डुलले आहेत, उठून नाचले आहेत, म्हाताऱ्यांनी पाया पडायचा प्रयत्न केला आहे. पण माझ्या गाण्यानं माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आठवत नव्हतं.

आणि ती काही परकी श्रोता नव्हे. ती सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून माझी प्रत्येक चाल आधी तिच्यासमोर जायची. मी पेटी काढून बसलो की ती समोर मांडी घालून, हनुवटी हातावर टेकून बसायची आणि संपलं की निकाल द्यायची. एकदा मी तीन दिवस घाम गाळून एक चाल बसवली होती. ती ऐकून म्हणाली, “बाबा, ह्या ऐकान देवाक झोप येतली.” ती चाल मी त्याच दिवशी सोडून दिली. समोरच्या बुवाला मी कधी भ्यालो नाही, पण त्या चिमुरडीच्या हनुवटीला भ्यायचो. बारीला गेलो की ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत असायची आणि माझं लक्ष सगळ्या मांडवात फक्त तिच्याकडे असायचं. शब्दांचे अर्थ ती मला विचारायची. अभंगातली एखादी ओळ घेऊन मी तासभर बोलायचो. तसं ऐकणारं माणूस मला पुढे मिळालं नाही.

दहावी झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, आणि हळूहळू तिचं बारीला येणं बंद झालं. कधी पोटात दुखतं, कधी ड्युटी आहे. मी समजून घेतलं, निदान तसं म्हणत राहिलो. मुली मोठ्या होतात, त्यांचं जग वेगळं होतं, वगैरे. आणि मग कळलं की तिचं ऐकणं बंद झालेलं नाही. ऐकणं चालूच आहे, फक्त माझं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही गाणारी जपानी बाई.

मी टिंगल सुरू केली. गाणं मोबाईलवर लागलं की म्हणायचो, “कुकर लावलंस काय गो? तीन शिटये झाले की बंद कर.” जेवताना सांगायचो की गाण्याचा जीव शब्दात असतो, शब्द कळले नाहीत तर उरतो तो नुसता आवाज, आणि आवाज तर आमच्या पंपालाही आहे. शाळेत मास्तरांच्या खोलीत कुणी म्हणालं की हल्लीची पोरं काय ते कोरियन-जपानी ऐकतात, तर सगळ्यांत जोरात मान माझी हलायची. तिथे सगळे माझ्या बाजूचे होते. एकानेही त्यातलं एकही गाणं धड ऐकलेलं नव्हतं, आणि आमचं सगळ्यांचं मत पक्कं होतं.

घरी मात्र एकदा तिनं मला धरलं. माझ्या गुरूंनी मला एक कानडी पद शिकवलं होतं. मी ते अजून गातो, आणि गाताना माझे डोळे भरतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

“बाबा, तुमका कानडी येता?” तिनं विचारलं.

“नाय.”

“त्या पदाचो अर्थ काय?”

मला सांगता येईना. देवाविषयी आहे, एवढं म्हणालो.

“मगे तुमी कित्याक रडतास?”

माझी बायको भाकरी थापता थापता हसली. मी म्हटलं, त्यात भक्ती आहे, परंपरा आहे, गुरूंचा आवाज आहे त्यात. मुलगी म्हणाली, “माझ्या गाण्यात पण कायतरी आसतला ना.” एवढंच म्हणाली आणि ताट उचलून गेली. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला आणखी राग आला. बायको म्हणाली, “तुमका त्या बायचो हेवो वाटता. दुसरा कायच नाय.” मी म्हटलं, मला कशाला वाटेल, मी तीस वर्षं बारी मारतो आहे. बायकोनं भाकरी परतली.

हेवा वाटत होता. एक दिवस शाळेच्या ऑफिसात कुणी नसताना मी स्वतःच्या मोबाईलवर शोधून एक जपानी गाणं लावलं. उद्देश एकच होता, चुका काढायच्या. एक किरकोळ पोरगी होती, माझ्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. खोलीत स्टुलावर बसून डोळे मिटून गात होती. सूर ढळेल म्हणून मी दबा धरून बसलो होतो. तो ढळला नाही. सबंध दोन ओळींत एक सूर ढळला नाही, आणि ते मला सगळ्यांत जास्त लागलं. मी गाणं बंद केलं आणि बदल्यांची फाईल काढून बसलो.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मुलगी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होती आणि गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसता हुंकार. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. पहिल्याच आवर्तनाला माझा कान उभा राहिला. पाच सुरांची चाल होती, स्वच्छ भूप. सा-रे-ग-प-ध, मध्यम नाही, निषाद नाही. ती तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घोळवत होती आणि दरवेळी षड्जावर येऊन थांबत होती. मी कुठल्याच गाण्यात तो ऐकला नव्हता. मला वाटलं, ही हिचीच. माझ्या घरात वाढलेली, माझ्या पेटीसमोर बसून मोठी झालेली पोर, हिच्या गळ्यात शेवटी भूप उतरला. दोन वर्षं कानात काहीही ओतलं तरी आतून जे निघालं ते आपलंच. मला एवढा आनंद झाला की मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

तिला विचारायचं मला सुचलंच नाही. चाल कानावर पडली की उचलायची, ही आमची रीत. बुवा रिक्षावाल्याला विचारत नाही, तसं मी मुलीला विचारलं नाही. मला तिला चकित करायचं होतं. आठवडाभर ती दवाखान्यात गेली की मी पेटी काढायचो. पुढच्या महिन्यात कुणकेश्वराच्या बाजूला एका वाडीत सत्यनारायणाची मोठी पूजा होती, त्यात माझी डबलबारी ठरलेली होती. म्हणून त्या चालीत मी कुणकेश्वराला बसवलं. समुद्र आला, लाट आली, पिंडी आली, सगळं असं चपखल बसलं की जणू चाल त्याच्यासाठीच झाली होती.

“तू येवकच होया,” मी तिला म्हटलं. “एकदाच. मगे नाय सांगूचंय.”

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काय लपवतोय ते तिला कळलं नाही, पण काहीतरी लपवतोय एवढं कळलं असावं. “बरा,” म्हणाली, आणि रजा टाकली.

बारी दुपारी चारची होती. समोरचा बुवा देवबागचा, तिशीतला पोरगा. घरचा होमस्टे आहे, दिवसा पर्यटकांना होडीतून खाडीत फिरवतो. आवाज चांगला. मला वाकून नमस्कार केला. असल्या पोरांचा नमस्कार मला फारसा आवडत नाही, कारण त्यानंतर ते तुम्हाला मागे टाकतात. पहिली बारी माझी होती. अभंग झाला, गौळण झाली. मुलगी पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. गजराच्या आधी मी पेटीवर हात ठेवून बोललो. बुवानं बोलायचं असतंच, पण त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो.

“मंडळी, आजकालच्या पोरांच्या कानात काय चलता ठावक आसा? जपानी गाणी! शब्द कळना नाय, अर्थ कळना नाय, आणि मान हलयतत. आता ऐका, मातीतली चाल कशी आसता ती. ही चाल माझ्या घरात जन्माक इली हा. खयच्या मोबायलातली न्हय!”

टाळ्या पडल्या. मी चाल धरली. पहिल्याच ओळीला मी तिच्याकडे बघितलं. तिची मान एकदम वर आली. ती माझ्याकडे बघत राहिली, डोळे मोठे करून, आणि दुसऱ्या ओळीला त्या डोळ्यांत पाणी भरलं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी जळलो होतो ते मला भर मांडवात मिळालं. मी गजर द्रुतात नेला. लोक उठले. एक ऐंशीच्या घरातला म्हातारा काठी आपटत ओरडला, “बुवानू, ही आमच्या आज्याच्या टायमाची चाल!” मी हात जोडून ते मान्य केलं. दुसऱ्या कुणी म्हटलं, असली अस्सल चाल आता कुणी गात नाही. मी तेही मान्य केलं.

मग देवबागच्या पोराची बारी सुरू झाली. त्यानं पेटीवर बोटं ठेवली आणि गालात हसला. “बुवांनी अर्धी वाट दाखवली,” तो म्हणाला, “उरलेली मी चलतंय.” लोकांना ती नेहमीची कोपरखळी वाटली. मलाही वाटली. त्यानं माझीच चाल धरली, पण जिथे मी षड्जावर येऊन थांबत होतो तिथे तो थांबला नाही. तिथून चाल वर गेली, वरच्या षड्जाच्या पुढे चढली, तिथे क्षणभर रेंगाळली आणि अशा वाटेनं खाली उतरली की माझ्या अंगावर काटा आला. ती त्याची रचना नव्हती. एकाच चालीचे दोन अर्धे भाग एकमेकांना ओळखतात, ते चार मात्रांत कळतं.

मी मुलीकडे बघितलं. ती हसत होती. डोळे अजून ओले होते आणि ओठ हलत होते. शब्दांसकट हलत होते. ज्या भाषेतलं तिला अक्षर कळत नाही त्या भाषेतलं ते सगळं तिला पाठ होतं. देवबागच्या पोरानं तिचे हलणारे ओठ बघितले आणि त्याला कळलं की ह्या मांडवात आणखी एकाला हे गाणं माहीत आहे. त्यानं मान किंचित झुकवली. माझी चाल कुठून आली ते मला तेव्हा कळलं, आणि सगळ्या वाडीसमोर मी काय बोलून बसलो होतो तेही. त्या पोरानं मला उघडं पाडलं नाही. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर मी भांडलो तरी असतो.

परतीच्या गाडीत माझी मंडळी खुशीत होती. पखवाजवाला म्हणत होता, बुवा, ही जुनी चाल तुम्ही इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होती? कोरसवाले तीच पुन्हा पुन्हा म्हणत होते, टाळ्या वाजवत, कसालपर्यंत. मुलगी पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी मागे बसून प्रत्येक “वा बुवा”ला मान डोलावत होतो.

सकाळी ती अंगणात रातांबे फोडत बसली होती, मे महिन्याचं आमसुलांचं काम. हात मनगटापर्यंत लाल. मी समोर पाट ओढून बसलो.

“चाल जपानी होती?”

“होय.”

“माका सांगलंस कित्याक नाय?”

“तुमी इचारलास खंय?”

मी दुसरीकडून शिरलो. “आणि तो देवबागचो? तेका कशी ठावक?”

“तेच्याकडे पावणे येतत, ते लावत आसतीत. माका काय ठावक? मी तेका ओळखणा पण नाय.”

हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी जे विचारायला नको ते विचारलं. “पण तू रडलंस. मी गाय होतंय तेव्हा तू रडलंस. मी बघलंय.”

“रडलंय.”

“मगे?”

“राग इलो म्हणान रडलंय.”

तिचे हात चालूच होते. एक रातांबा फोडायचा, बी काढून एका टोपात, साल दुसऱ्यात. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

“शाळेत आसताना माका जा गाणा आवडला ता तुमी घेतलास. तेच्यात देव घातलास. मगे ता गाणा लायला की माका तुमचोच आवाज ऐकाक येय. पोरां माका चिडवत. मराठी लायला की तुमी अर्थ सांगतास. हिंदी लायला की राग सांगतास. जपानी लायला तेव्हा तुमका कायच सांगाक येयना. माका वाटला, हंय तरी बाबा पोचाचे नाय. दोन वर्सां बरी गेली. आता थंय पण कुणकेश्वराक नेवन बसवलास.”

मग मी सगळ्यांत मूर्खपणाची गोष्ट केली. म्हटलं, “बरा, झाला ता झाला. तो पुढचो भाग माका शिकव तरी.”

“नाय.”

मला वाटलं, थट्टा करते आहे.

“नाय, बाबा. सगळा तुमका कित्याक होया?”

माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, माझ्या पेटीसमोर वाढलीस, सूर म्हणजे काय ते मी शिकवलं, मी नसतो तर तुला ते जपानी गाणंसुद्धा कळलं नसतं. यातलं सगळं खरं होतं, पण त्या वेळी बोलायचं नव्हतं. तिनं हात धुतले आणि आत गेली. टोपात रातांबे तसेच राहिले. ते मी फोडले, वाईट फोडले.

त्या महिन्यात मी पुष्कळ विचार केला, बहुतेक सगळा चिडून केला. शाळेत मास्तर अजून तीच मतं सांगतात आणि मी आता मान हलवत नाही, पण त्यांचं काय दुखतं ते मला कळतं. मराठी गाणं लागलं की आमच्यासारखी माणसं दारात उभी असतात. हा शब्द जुना, हा राग अमका, ही चाल तमक्याची. पोरांनी आमच्या काखेखालून वाकून आत जायचं. परक्या भाषेतलं गाणं लागतं तेव्हा त्या दारात आमची कुणाला गरज नसते. ती बाई गाते, माझी मुलगी ऐकते, मध्ये कुणी नाही. मग आम्ही म्हणतो, ह्यात काही अर्थ नाही. अर्थ असतो. तो सांगायला आम्हाला कुणी बोलावत नाही, एवढंच.

हे कळल्यानं हेवा कमी होतो असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. माझा वाढला. ती बाई काही न विचारता, काही न सांगता माझ्या मुलीकडे रोज जाते, आणि मी एका घरात राहून पाट ओढून बसलो तरी दोन वाक्यांत भांडण.

जूनच्या आधी शेवटची बारी कसालला होती, आणि समोर पुन्हा तोच देवबागचा पोरगा. माझ्या गजराची कीर्ती पसरलेली होती. मी बसतो न बसतो तोच लोक ओरडायला लागले, “बुवानू, ती जुनी चाल होवन जावंदे!” माझी मंडळी टाळ सरसावून तयार. पखवाजवाल्यानं थापसुद्धा मारली. ती चाल घेतली असती तर बारी माझी होती. मला घ्यायची होती. हात पेटीवर होते, तोंडात सूर होता.

“ती चाल माझी न्हय,” मी म्हणालो.

“मगे कोणाची?”

“माझ्या चेडवाची. तिका इचारूक होया.”

लोक हसले. त्यांना वाटलं, मुलीचं नाव काढून बुवा भाव खातोय. देवबागचा पोरगा हसला नाही. त्याच्या बारीला त्याला ती चाल घेता आली असती, तीही पुरी, आणि मी तिथेच आडवा झालो असतो. त्यानं घेतली नाही. हा त्याचा मोठेपणासुद्धा मला सहन झाला नाही. मी वीस वर्षांपूर्वीची एक चाल काढली. अर्धे लोक चहाला उठले. मी हरलो, सपशेल.

मुलगी बारीला आली नव्हती, पण कसालातली गोष्ट, घरी पोचायला किती वेळ? दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जायला निघाली होती. पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत म्हणाली, “काल मार खाल्लास म्हणे.”

“होय.”

“ती चाल नाय घेतलास?”

“तुझी आसा ना ती.” मी शक्य तितकं उदार तोंड केलं.

तिनं पट्टा सोडून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “खोटा. पुढचो भाग येना नाय म्हणान नाय घेतलास. तो देवबागचो पुरी करीत म्हणान भियालास.”

“तसा नाय गो...”

“अर्धा तसा आणि अर्धा माझ्यासाठी,” ती म्हणाली. “माका कळता.” आणि हसत बस गाठायला गेली.

तंतोतंत तेवढंच होतं. अर्ध्याहून तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मी पायरीवर बसून राहिलो. त्या जपानी बाईचा सबंध गाण्यातला एक शब्द माझ्या मुलीला कळत नाही. माझा न बोललेलाही कळतो. सध्या मी एवढ्यावरच भागवतो.